मदत हवी आहे : वेगवेगळे धर्म सोडलेल्या मित्रांच्या गटासाठी सूचना कशा लिहाव्यात?

मंडळी, एका गटात मराठी नास्तिक, पाकिस्तानातले माजी मुस्लिम, अमेरिकेतले माजी मॉर्मन आणि माजी यहोवा साक्षीदार (दोन्ही ख्रिस्ती परंपरेतून निघालेले पंथ) एकत्र आहेत. नव्या सदस्यांसाठी सूचना लिहायच्या आहेत.

मुख्य अडचण नाव-फोटोची. 'माझा कोणताही धर्म नाही' असं सांगण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला. पाकिस्तानात मात्र पैगंबरांच्या निंदेसाठी दंडसंहितेच्या कलम २९५-सीखाली मृत्युदंडाची तरतूद आहे. तिथल्या मित्राला खऱ्या नावाने टॅग केलं किंवा त्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवला, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून टोपणनाव सक्तीचं करावं की ऐच्छिक?

दुसरं, यहोवा साक्षीदारांमधून बहिष्कृत झालेल्याशी बरेचदा घरचेही बोलणं टाकतात. त्याला 'आईला फोन कर, राग निवळेल' हा आपला लाडका सल्ला म्हणजे जखमेवर मीठ. (माजी मॉर्मनच्या पहिल्या कॉफीचं कौतुक मात्र खुशाल करा, त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य.)

खरं घोडं अडलंय ते इथे : गणपतीत आरतीला उभा राहून मोदक खाणारा नास्तिक या लोकांना कसा समजावायचा? 'ही संस्कृती आहे' म्हटलं की त्यांना पळवाट वाटते. दोन-तीन ओळींचा मजकूर कुणी सुचवेल का?