वय सिद्ध करण्यासाठी चेहरा द्यावा, की व्हीपीएन लावावा?

स्लाउकर
गेली नऊ वर्षे आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. येथील २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टमधील मुलांच्या संरक्षणाच्या तरतुदी २५ जुलै २०२५ पासून लागू झाल्या. तेव्हापासून रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरील काही चर्चा उघडताना माझ्याकडे सेल्फी किंवा ओळखपत्राचे छायाचित्र मागितले जाते, आणि ते मी अद्याप दिलेले नाही. आई-बाबा भारतातून येतात तेव्हा त्यांना मराठी मालिका पाहता याव्यात म्हणून आम्ही घरी व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशातून इंटरनेट वापरत आहोत असे दाखवणारी सेवा) घेतला आहे. तो भारतावर ठेवला की ही विचारणाच होत नाही, हा शोध माझ्याआधी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने लावला. प्रौढ व्यक्तीने अशी पडताळणी टाळणे बेकायदा आहे का, आणि चेहरा देण्यापेक्षा ते खरोखर सुरक्षित आहे का? मुलाला काय सांगायचे हा तिसरा प्रश्न, पण तो बहुधा मलाच सोडवावा लागेल.

रेघोट्या
बेकायदा नाही. या कायद्याने जबाबदारी संकेतस्थळांवर टाकली आहे, वाचणाऱ्यावर नव्हे. ऑफकॉम ही नियामक संस्था १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड कंपनीला करू शकते. व्हीपीएन वापरण्यावर ब्रिटनमध्ये बंदी नाही, मात्र मुलांना पळवाट म्हणून तो सुचवणे संकेतस्थळांना वर्ज्य आहे.

चेहऱ्याबाबत तुमची शंका रास्त आहे. रेडिटसाठी ही तपासणी पर्सोना नावाची वेगळी कंपनी करते आणि छायाचित्र सात दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही, असे सांगितले जाते. कागदावर हे ठीकच आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपच्या सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे बाहेर गेल्याचे उघड झाले, तेव्हा गळती झाली होती ती ग्राहकसेवा पाहणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीकडून. वयाच्या निर्णयाविरुद्ध ज्यांनी रीतसर दाद मागितली होती, त्यांची ओळखपत्रे तिथे साठली होती. (त्याच डिस्कॉर्डच्या कॅमेऱ्याला काही जणांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा दाखवून फसवले होते, त्यांचे मात्र काहीच गेले नसणार.)

नेटवर्कवाला_पुणे
व्हीपीएनविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. २०१६ च्या इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स अ‍ॅक्टनुसार तेथील इंटरनेट कंपन्यांना तुमच्या जोडण्यांची नोंद बारा महिन्यांपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला जाऊ शकतो. व्हीपीएन लावला की त्या कंपनीला फक्त व्हीपीएनशी झालेली जोडणी दिसते. पण तुम्ही कुठे गेलात हे आता व्हीपीएनवाल्याला दिसते, म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला, इतकेच. शिवाय रेडिटवर तुम्ही स्वतःच्या खात्याने लॉग-इन केलेले असेल, तर आयपी पत्ता (जोडणी कुठून झाली ते दाखवणारा क्रमांक) बदलूनही रेडिटसाठी तुम्ही तुम्हीच राहता.

फुकट व्हीपीएनपासून तर दूरच राहा. फेसबुकच्या मालकीचे ओनावो हे अ‍ॅप संरक्षणाच्या नावाखाली लोक कोणती अ‍ॅप्स किती वापरतात याची माहिती गोळा करत होते. २०१८ मध्ये अ‍ॅपलने ते हटवायला लावले आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिच्या उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आणि ‘भारतावर ठेवला’ म्हणता, तो सर्व्हर नेमका कुठे आहे ते पाहा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपावेत असे आहे, म्हणून एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनने तर भारतीय पत्ता सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून देण्याची सोय केली, त्यामुळे तुमची ‘भारतवारी’ कदाचित इंग्लंडमध्येच संपत असेल.

माई_ठाणे
मी शाळेत शिकवते, त्यामुळे वयाची अटच नको, हे मला पटत नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. लॉजवर आधारची झेरॉक्स ठेवून घेतात आणि ती पुढे कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नसते, तसे हे चालले आहे. जिथे पर्याय असेल तिथे क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल कंपनीकडून होणारी तपासणी निवडावी, कारण त्यात चेहरा द्यावा लागत नाही. युरोपीय संघ नाव न सांगता केवळ ‘अठरा पूर्ण’ एवढेच सिद्ध करणारे अ‍ॅप आजमावत आहे, ती दिशा मला योग्य वाटते.

हा प्रश्न आपल्याकडेही येणार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. पालक खरोखर प्रौढ आहे हे दाखवायचे, तर ओळख अखेर पालकाचीच तपासली जाणार.

स्लाउकर
सर्वांचे आभार. सेल्फी देणार नाही. त्या चर्चा वाचल्या नाहीत म्हणून माझे काही अडत नाही. व्हीपीएन आता फक्त टीव्हीवर ठेवला आहे. मुलाला ओनावोची हकीकत सांगितली, तेव्हा त्याच्या वर्गातली बरीच मुले एक फुकट अ‍ॅप वापरतात असे कळले. काल रात्री आम्ही दोघांनी त्याचे गोपनीयता धोरण वाचायला घेतले. ती कंपनी कोणत्या देशातली आहे, हे अजून सापडलेले नाही.