चारीच्या भरावावर वाळा लावावा का?

काळं रान, परभणी
मागच्या रब्बीत दुसऱ्या पाणीपाळीला आमच्या शेताशेजारची चारी, म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत आणणारा छोटा पाट, फुटली. हरभरा दोन दिवस पाण्यात उभा होता. मुरूम टाकून बुजवली, पावसाळ्यात पुन्हा ओघळ पडले. माझं ठाम मत आहे की चारीच्या काठच्या मातीच्या भरावावर, बाहेरच्या उताराला, वाळा म्हणजे खस गवत लावावं. त्याची मुळं हरळीसारखी आडवी न पसरता सरळ खाली जातात, 3 मीटरपर्यंतसुद्धा. वीतभर अंतरावर ठोंब लावून उताराला आडव्या ओळी धरल्या की पावसाचं पाणी तिथं थबकतं आणि माती जागेवर राहते. जायकवाडीचा एकटा डावा कालवाच 208 किलोमीटर, त्याखाली किती चाऱ्या! सगळीकडे काँक्रीट कधी होणार?

निवृत्त कालवा कर्मचारी
दादा, नुकसान कळतं, पण माझा विरोध आहे. भरावावर झाडझाडोरा वाढू देत नाहीत त्याला कारण आहे. वेड्या बाभळीचं मूळ कुजलं की मातीत पोकळी राहते आणि पाझर तिथूनच वाट काढतो. दाट गवतात घुशीची बिळं दिसत नाहीत, फुटल्यावरच कळतं. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी लागलं की फुगते. तिला आवर घालायला न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थरच लागतो. मुळांचं ते काम नाही.

काळं रान, परभणी
भेगांचं पटलं. वाळा धूप थांबवेल, आतला पाझर नाही. पण बाभळीचं मनगटाएवढं मूळ आणि वाळ्याचं दोऱ्यासारखं मूळ एका मापात नका मोजू. मातीच्या धरणांच्या खालच्या उतारावर गवत लावतातच की! बिळांसाठी वर्षातून दोनदा कापणी करू.

टेलची शेतकरीण
आमच्या चारीत बेशरमची झुडपं इतकी माजलीत की टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही. त्यात हे गवत पसरलं तर? आणि मृगात लावून पावसानं ताण दिला, तर ठोंबांना हंडा कोण घालणार? आमच्याच डोक्यावर येणार.

काळं रान, परभणी
ताई, लागवडीचा वाळा बी धरत नाही. उत्तरेकडचा रानवाळा धरतो, म्हणून ठोंब कुठले ते विचारूनच आणायचे. पाण्याचं मात्र तुमचं खरं आहे. आधी 50 मीटरच लावू, माझ्या बांधालगत. हंडे मी घालतो.

निवृत्त कालवा कर्मचारी
लावा. पण खसाच्या मुळांना अत्तरवाल्यांकडे भाव असतो. कुणी ती खणून नेली, तर आहे तो भरावही पोकळ होईल. त्यावर पहारा कोण ठेवणार, तेही आधी ठरवा.