नवी मुंबईसाठी वेगळी शाखा हवी की नको?

सीवूड्सकर
आपल्या वास्तुविशारदांच्या संस्थेची शाखा ठाण्यात, नवी मुंबईचे सभासदही तिच्यातच. परवाच्या सर्वसाधारण सभेत वेगळ्या शाखेचा विषय निघाला आणि 'पुढच्या वेळी बघू' म्हणून राहून गेला. माझं मत स्पष्ट आहे, वेगळी शाखा हवी. सभा नेहमी नौपाड्यात, संध्याकाळी सहाला. खारघर-पनवेलचा माणूस घरी पोचेपर्यंत दहा वाजतात. शिवाय आमच्या फायली नवी मुंबई महापालिकेत, सिडकोत, पनवेल महापालिकेत. त्यांच्या अडचणींवर ठाण्यात बोलायला वेळच उरत नाही.

जुना नौपाडा
मी विरोधात आहे. २०२० पासून ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांना एकच यूडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे. नियम एक झाले असताना आपण फुटायचं? आणि शाखा चालवणं काय असतं ते तीन वर्षं खजिनदार राहून पाहिलंय. न्यास म्हणून वेगळी नोंदणी केलीत की विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आपल्याकडे दरवर्षी नवी कार्यकारिणी, म्हणजे दरवर्षी हा अर्ज, वर ऑडिट. पहिल्या वर्षी सगळे उत्साहात असतात. चौथ्या वर्षी सचिव व्हायला कुणी तयार नसतं.

तुर्भे नाका
दादा, वेगळी नोंदणी मागतंय कोण? मूळ संस्थेचंच उपकेंद्र करा. पॅन तोच, हिशेब दर तिमाहीला ठाण्याला. वर्गणीतला ठरलेला वाटा तेवढा आमच्याकडे राहू द्या, नाहीतर हॉलच्या भाड्यासाठीही हात पसरावे लागतील.

कळवेकर
हद्द कुठे आखणार? ऐरोली-बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात. उद्या पनवेलकर म्हणतील, वाशी लांब पडते. त्यापेक्षा एकाआड एक सभा वाशीत घ्या. ठाण्याहून थेट लोकल आहे, अर्धा तास लागतो. आम्ही येऊ.

सीवूड्सकर
@कळवेकर, वाशीतल्या सभा मागेही सुरू झाल्या होत्या. अध्यक्ष बदलले आणि बंद पडल्या. म्हणून कुणाच्या मर्जीवर नको, शाखेच्या नियमातच लिहा: निम्म्या सभा वाशीत आणि कार्यकारिणीत नवी मुंबईच्या तीन जागा. एवढा ठराव झाला तर वेगळ्या शाखेची मागणी मी स्वतः मागे घेईन.

जुना नौपाडा
तीन जागांना माझी हरकत नाही. मसुदा पाठवा, अनुमोदक म्हणून सही करतो. निम्म्या सभांचं मात्र सभेतच बोलू, आमच्याकडेही सत्तरी ओलांडलेले सभासद आहेत.