संगणकाची पातळी उतरवली तरी बुद्धिबळाचा सराव का होत नाही?

प्रश्न

नमस्कार. गेले काही महिने मी रोज रात्री घरच्या संगणकावर स्टॉकफिशशी बुद्धिबळाचा एक डाव खेळतो. पातळी अगदी खालची ठेवली की दहा-बारा खेळ्या तो नेटका खेळतो आणि मग काहीही कारण नसताना आपला घोडा माझ्या प्याद्याच्या तोंडी आणून ठेवतो. पातळी थोडी वाढवली, तर एक प्यादे हातचे गेले की डाव संपल्यातच जमा. परवा मी असाच एक डाव जिंकलो, पण त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. माणसासारखा चुकणारा प्रतिस्पर्धी यातून मिळू शकतो का? मिळत नसेल, तर याच्याशी खेळून खेळ सुधारावा कसा?

प्रतिसाद १

आपले निरीक्षण अचूक आहे. स्टॉकफिशमध्ये ० ते २० अशा पातळ्या असतात. पातळी उतरवल्यावर त्याची समज माणसासारखी मर्यादित होत नाही. तो चांगल्या खेळ्या शोधतोच, मात्र त्यांतून अधूनमधून मुद्दाम कमी प्रतीची खेळी निवडतो. माणूस चुकतो तेव्हा त्या चुकीला काही कारण असते: राजाच्या बाजूला हल्ला रचण्यात तो गुंतलेला असतो आणि वजिराच्या बाजूचा उंट अडकत चालल्याचे त्याच्या ध्यानात येत नाही. अशा चुका हव्या असतील, तर २०२० साली आलेला 'माया' हा प्रोग्राम पाहावा. तो माणसांनी खेळलेल्या डावांवरून शिकवलेला असून ११०० ते १९०० रेटिंगच्या खेळाडूंसाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत.

प्रतिसाद २

जुन्या घरगुती प्रोग्रामांच्या चुकांनाही कारण असे, एवढी भर घालतो. डॅन आणि कॅथ स्प्रॅकलेन यांच्या १९७८ च्या 'सार्गॉन'च्या काळातली यंत्रे मोजक्याच खेळ्या पुढचे पाहू शकत. समजा, यंत्राच्या काळ्या उंटाने ए२ वरचे प्यादे खाल्ले आणि पांढऱ्याने बी३ खेळून त्याची परतीची वाट बंद केली. उंट जाणार हे दिसताच यंत्र दुसरीकडे एखादे प्यादे फेकून देई, कारण त्यामुळे उंटाचा मृत्यू दोन खेळ्या पुढे, म्हणजे त्याच्या नजरेपलीकडे ढकलला जाई. याला क्षितिज-परिणाम म्हणतात. ही खोड ओळखून खेळता येत असे.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे. पातळी उतरवूच नका. प्रोग्राम पूर्ण ताकदीवर ठेवा आणि ज्या स्थितीचा निकाल ठरलेला आहे, तिथून डाव सुरू करा. पांढरा राजा ई५, पांढरे प्यादे ई४ आणि काळा राजा ई७ एवढेच पटावर मांडा. खेळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी. काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. जगातला सर्वांत बलवान प्रोग्रामसुद्धा हा निकाल बदलू शकत नाही; त्यामुळे डाव हातून निसटला, तर चूक निःसंशय आपली असते आणि ती नेमकी कोणत्या खेळीला झाली हे शोधून काढता येते. हत्ती आणि राजा विरुद्ध एकटा राजा हीदेखील अशीच कसोटी आहे: अचूक खेळल्यास जास्तीत जास्त १६ खेळ्यांत मात होते. एक पथ्य मात्र कसोशीने पाळा: खेळी परत घेऊ नका, आणि प्रोग्रामचे विश्लेषण उघडण्यापूर्वी आपण कुठे चुकलो असे वाटते ते कागदावर लिहा. मला सर्वाधिक उपयोग या लिहिण्याचा झाला.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ती तीन मोहऱ्यांची स्थिती मांडून, पांढरी बाजू घेऊन, काळ्याला पहिली खेळी दिली. काळा राजा डी७ वर गेला, मी माझा राजा डी५ वर नेला, तो ई७ वर परतला आणि मी घाईने प्यादे ई५ वर ढकलले. अखेरीस माझा राजा ई६ वर, प्यादे ई७ वर आणि काळा राजा ई८ वर अडकलेला: त्याला शह नाही, पण खेळीही उरलेली नाही, म्हणजे बरोबरी. विश्लेषण उघडण्यापूर्वी कागदावर 'प्यादे लवकर ढकलले' असे लिहिले होते आणि ते बरोबर निघाले. मात्र काळा राजा डी७ वर जाताच माझा राजा एफ६ वर न्यायला हवा होता, हे तेव्हा सुचले नव्हते. काल चौथ्या प्रयत्नात तो तिथे नेला आणि दहा खेळ्यांच्या आत प्याद्याचा वजीर झाला.