कीव, दया, विचारपूस: बेघर माणसाच्या संदर्भात नेमका शब्द कोणता?

प्रश्न
रस्त्यावर राहणाऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांना द्यायचं छोटं माहितीपत्रक मराठीत लिहायचं आहे. ‘कीव’, ‘दया’, ‘कणव’, ‘अनुकंपा’ यांत फरक काय करावा? ‘बेघर’, ‘निराधार’, ‘बेवारस’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

प्रतिसाद १
‘बेवारस’ आधी काढून टाका. तो सापडलेल्या पिशवीचा, सोडून दिलेल्या गाडीचा, ओळख न पटलेल्या मृतदेहाचा शब्द आहे. जिवंत माणसाला तो लावू नये. ‘निराधार’ही सरसकट नको. रस्त्यावर राहणाऱ्या पुष्कळांना सोबती असतात, अनेकजण रोज कामाला जातात. नसतं ते घर, आणि ‘बेघर’ तेवढंच सांगतो. फक्त तो विशेषण म्हणून वापरा: ‘बेघर माणूस’, ‘बेघर झालेलं कुटुंब’. नुसतं ‘बेघरांना वाटप’ लिहिलं की माणूस गळून जातो. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘अनिकेत’, म्हणजे घर नसलेला, हा भक्ताच्या स्तुतीचा शब्द आहे. ज्याच्यावर बेघरपण लादलं गेलंय, त्याला तो शोभून दिसतो म्हणून चिकटवू नये.

प्रतिसाद २
‘दया’ ज्या ‘दय्’ धातूपासून येतो त्याचा धातुपाठातला, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतला, पहिला अर्थ ‘देणे’. ‘भिक्षा’च्या मागचा ‘भिक्ष्’ हा ‘भज्’चं, म्हणजे वाटून घेण्याचं, इच्छार्थक रूप. म्हणजे मुळात एकजण वाटा मागतो आणि दुसरा देतो, यात कुणी वरचा नाही. ‘अनुकंपा’ म्हणजे दुसऱ्याचं कापणं पाहून आपणही कापणं. ‘कीव’ निघाली ‘कृपा’वरून, पण आज आपण एखाद्याच्या बुद्धीचीही कीव करतो, म्हणून पत्रकात ती नको. ‘कणव’ चांगला आहे, पण कणव मनात दाटते आणि तिथेच राहू शकते.

मला वाटतं तुम्हाला हवा तो शब्द ‘विचारपूस’. विचारणं आणि पुसणं, एकाच अर्थाची दोन क्रियापदं जोडलेली. कृतीही तशीच दुहेरी ठेवा. दोन-तीन हातांवर थांबा, आपलं नाव सांगा, ‘बसू का?’ विचारा आणि मगच समोर उकिडवे बसा. उभ्याने खाली वाकून बोललं की चौकशी होते, विचारपूस नाही. ‘काय हवंय?’ हा फार मोकळा प्रश्न, त्याला उत्तर बहुधा ‘काही नको’ येतं. त्याऐवजी ‘पाणी आहे, कोरडे मोजे आहेत, यातलं काही उपयोगी पडेल का?’ ‘काका’, ‘मावशी’ चालेल. नाव कळल्यावर नावाने, पण ‘अहो’ सोडू नका. सामान हलवू नका. त्या गाठोड्यातच कागदपत्रं आणि औषधं असतात.

प्रतिसाद ३
‘निवारा’, ‘आडोसा’, ‘थारा’ यांचीही फोड करा. थारा म्हणजे टिकून राहायला जागा. आडोसा नजर आणि वारा अडवतो. कपडे बदलायला, बाळाला पाजायला बायकांना आधी तोच लागतो. निवारा म्हणजे जो निवारतो. काय? वारा, ओल आणि जमिनीचा गारठा.

तिसरी गोष्ट नेहमी विसरली जाते. पांघरुणांचा ढीग वाटला जातो आणि अंगाखाली काहीच नसतं. अंगाच्या वजनाने खालचं पांघरूण दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब टिकत नाही. म्हणून खाली कोरड्या पुठ्ठ्याचे दोन-तीन थर, त्याखाली प्लॅस्टिक. प्लॅस्टिक अंगाभोवती गुंडाळू नये, घाम आतच साचून कपडे ओले होतात. मोजे दोन जोड द्यावेत: एक पायात, एक वाळत.

प्रतिसाद ४
क्रियापदंही बघा. भीक घालतात, तुकडा टाकतात, ताट वाढतात. पत्रकात ‘अन्न वाढणे’ असावं, ‘घालणे’ नको.

प्रतिसाद ५
वरच्याला छोटी दुरुस्ती: ‘जेवू घालणे’ अगदी मायेचं आहे, आई लेकराला जेवूच घालते. खटकतं ते ‘टाकणे’ आणि ‘वाटप’. शिजवलेलं अन्न दोन तासांत पोचवा, कडक उन्हात तासाभरात. दात नसलेल्यांसाठी मऊ काहीतरी असू द्या. बरेच दिवस उपाशी असलेल्याला पोटभर आग्रह करू नये. रक्तातले क्षार अचानक घसरून जिवावर बेततं. थोडं द्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

प्रतिसाद ६
‘पिऊन पडलाय’ हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत ‘म्हणू नये’ म्हणून टाका. जीभ जड, तोल जातोय, उत्तरं असंबद्ध: शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की हेच दिसतं, रक्तातली साखर उतरली तरी हेच. हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटतंय असंही नाही. माणूस गार असून कुडकुडणं थांबलं तर ते जास्त धोक्याचं. लगेच रुग्णवाहिका बोलवा. ओले कपडे काढून कोरडं पांघरूण, डोकंही झाका. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर कोमट गोड पेय. नसेल तर तोंडात काहीच नाही, कुशीवर वळवा आणि श्वासावर लक्ष ठेवा. गाडी येईपर्यंत जवळ बसून बोलत राहा, नावाने.