मदत हवी आहे: मेलाटोनिन तेच, मग मेंढी आणि हॅमस्टर उलटे का वागतात?

नमस्कार. मी पशुवैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मेंढीच्या हंगामी प्रजननावर वर्गात बोलायचं आहे. वाचन बरंच झालंय, पण दोन ठिकाणी साखळी तुटते आणि ती जोडल्याशिवाय उभं राहून बोलायची इच्छा नाही. शरीरक्रियाशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया मदत करावी.

मला कळलंय ते असं. समशीतोष्ण प्रदेशातल्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात. गाभण राहिली नाही तर साधारण दर १७ दिवसांनी पुन्हा माज. राहिली तर सुमारे ५ महिन्यांनी, म्हणजे वसंतात, कोकरू. उजेडाची खबर दृष्टिपटलातून हायपोथॅलॅमसमधल्या घड्याळाकडे जाते आणि तिथून मानेतल्या चेतागंडामार्फत मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीकडे. पिनिअल मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते ते अंधारातच. त्यामुळे रात्र जितकी मोठी, तितका जास्त वेळ ते रक्तात राहतं. शरीर वाचतं ती ही मुदत. पिनिअल काढलेल्या मेंढ्यांना रोज लांब रात्रीइतका वेळ मेलाटोनिन ठिबकत दिलं, तर बाहेर दिवस कितीही मोठा असला तरी त्यांचं शरीर लहान दिवस असल्यासारखं वागतं. इतका स्वच्छ प्रयोग मी क्वचितच वाचला आहे.

आता अडचणी.

पहिली: हॅमस्टरमध्येही लांब रात्र म्हणजे जास्त वेळ मेलाटोनिन. पण त्याचे वृषण तेव्हा आकसतात, आणि मेंढीचा हंगाम नेमका तेव्हाच उघडतो. खूण एक आणि अर्थ दोन, हे कुठे ठरतं?

दुसरी: अंडाशय काढून त्वचेखाली इस्ट्राडायॉलची (हे अंडाशयाचं मुख्य इस्ट्रोजेन) कुपी बसवलेल्या मेंढ्यांत रक्तातलं इस्ट्राडायॉल वर्षभर सारखं असतं. तरी एलएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक, प्रजननाच्या हंगामात चढतं आणि एरवी तळाला जातं. म्हणजे त्याच इस्ट्राडायॉलचा दाब हंगामाबाहेर कितीतरी वाढतो. पण पिट्युटरीला एलएच सोडायला लावणारं जीएनआरएच ज्या चेतापेशी सोडतात, त्यांच्यावर इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राहक नाहीच म्हणतात. मग दाबतं कोण?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मेलाटोनिनच्या पुढच्या टप्प्यात आहे. त्याचे ग्राहक पिट्युटरीच्या देठाभोवतीच्या भागात, पार्स ट्युबरॅलिसमध्ये, दाटीने असतात. दिवस मोठे झाले, मेलाटोनिनची मुदत घटली, की तिथल्या पेशी टीएसएच, म्हणजे एरवी थायरॉईडला चालवणारं संप्रेरक, बनवू लागतात. हे टीएसएच थायरॉईडकडे जात नाही. ते उलट वर, हायपोथॅलॅमसमधल्या तिसऱ्या निलयाच्या तळाशी असलेल्या टॅनिसाइट पेशींकडे जातं. त्या पेशी मग डीआयओ-२ हे विकर वाढवतात आणि थायरॉईडच्या टी-४ या संप्रेरकाचं टी-३ हे जास्त प्रभावी रूप करतात. लावा पक्ष्यातला या विकराचा धागा ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवला. टीएसएचची कडी २००८ मध्ये लावा पक्ष्यात आणि मेंढीत दोन्हीकडे सापडली.

इथपर्यंत हॅमस्टर आणि मेंढी सारखेच: दिवस मोठा, हायपोथॅलॅमसमध्ये टी-३ जास्त. वाटा फुटतात त्या याच्या पुढे. हॅमस्टरमध्ये टी-३ प्रजनन चालू करतं. मेंढीत तेच टी-३ हंगाम बंद करायला लागतं. थायरॉईड काढलेली मेंढी हंगामात येते, पण हंगाम संपतच नाही, माज येतच राहतो. तुमच्या भाषणात एकच प्रयोग सविस्तर सांगणार असाल तर हा सांगा. मेलाटोनिनने फक्त तारीख कळवली. त्या तारखेला काय करायचं हे टी-३ च्या पुढच्या पेशींनी ठरवलं.

कारणही सरळ आहे. हॅमस्टरचा गर्भकाळ अडीच आठवड्यांच्या आसपास, त्यामुळे जोडी जमणं आणि पिल्लं होणं एकाच ऋतूत बसतं. मेंढीला वसंतात व्यायचं तर ५ महिने आधीच भरायला हवं.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. इस्ट्राडायॉलचा निरोप जीएनआरएच पेशीपर्यंत मध्यस्थांकडून पोचतो. हायपोथॅलॅमसमधल्या आर्क्युएट केंद्रकात किसपेप्टिन (जीएनआरएच पेशींना चेतवणारं), न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन ही तिन्ही संदेशक द्रव्यं बनवणाऱ्या चेतापेशी आहेत. इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राहक त्यांच्यावर आहे आणि जीएनआरएचचे स्पंद त्यांच्या तालावर चालतात. हंगामाबाहेर त्यांच्यातलं किसपेप्टिन घटतं.

शिवाय मेंढीत ए-१५ नावाचा डोपामिन पेशींचा एक छोटा गट आहे. हंगामाबाहेर इस्ट्राडायॉल इतर चेतापेशींमार्फत या गटाला जागं करतं आणि तो गट डोपामिनच्या डी-२ ग्राहकांवाटे किसपेप्टिन पेशींना दाबून ठेवतो. डी-२ रोखणारं औषध दिलं की हंगामाबाहेरच्या मेंढीतही एलएचचे स्पंद वाढतात.

आणखी एक पुरावा नक्की घ्या. हंगामाबाहेरच्या मेंढ्यांना शिरेतून सतत किसपेप्टिन दिलं तर त्यांतल्या बहुतेकींत बीजोत्सर्ग होतो. म्हणजे जीएनआरएच पेशी, पिट्युटरी, अंडाशय सगळे तयारच असतात. थांबलेला असतो तो वरचा हुकूम.

मेंढ्याचा, म्हणजे नराचा, परिणामही याच जागी बसतो. वेगळ्या ठेवलेल्या मेंढ्यांत हंगामाबाहेर अचानक मेंढा सोडला की थोड्याच वेळात एलएचचे स्पंद वाढतात आणि दोन-तीन दिवसांत बीजोत्सर्ग होऊ शकतो. मात्र पहिला माज बहुधा मुका असतो, कारण माज दिसायला आधी प्रोजेस्टेरॉनचा काळ जावा लागतो. सगळ्या जातींत हे सारखं चालत नाही. मेरिनोत चांगलं चालतं, कडक हंगामी जातींत फारसं नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पेशींवरचे ग्राहक पाठ होते, पण टी-३ पाशी वाट फुटते हे आज दिसलं. एक शेवटचं विचारते. मेंढीला कायम लहान दिवसांतच ठेवलं तर हंगाम कायम चालू राहायला हवा ना?

प्रतिसाद

राहत नाही. काही महिन्यांनी शरीर त्या खुणेला दाद देणं बंद करतं आणि माज थांबतो. प्रकाशाची वेळ वर्षानुवर्षं बदलली नाही तरी ये-जा चालूच राहते, फक्त ती हळूहळू कॅलेंडरपासून सरकते आणि कळपातली प्रत्येक मेंढी आपल्या वेगळ्या वेळेला येऊ लागते. म्हणजे वर्षाचा ताल आतच आहे. वसंत-उन्हाळ्यातले मोठे दिवस तो जागेवर आणतात, आणि पुढचा हंगाम कधी उघडेल हे बरंचसं तेव्हाच ठरतं.

यातून एक व्यवहारातली गोष्ट उलगडते. हंगाम लवकर आणण्यासाठी कानाच्या मुळाशी मेलाटोनिनची १८ मिलिग्रॅमची कुपी बसवतात. ती रात्रंदिवस मेलाटोनिन सोडते आणि शरीर त्याचा अर्थ लहान दिवस असा लावतं. पण मेंढीने त्याआधी पुरेसे मोठे दिवस अनुभवलेले असावे लागतात. नसतील तर कुपी बसवूनही उपयोग होत नाही. वर्गात कोणी विचारलं की नुसतं मेलाटोनिन देऊन वर्षभर माज का आणता येत नाही, तर हे उत्तर हाताशी ठेवा.