मीटरवरचे एमएएच बॅटरीतल्या एमएएचशी जुळत नाहीत

फोनची बॅटरी किती झिजलीय हे बघायला अ‍ॅपवर विसंबण्यापेक्षा यूएसबी मीटर (चार्जर आणि फोनच्या मध्ये लावायचा छोटा मापक) लावून मोजा, असा सल्ला दिला जातो आणि तो पटतो. अर्धवट चार्जिंगवरून अ‍ॅप जो अंदाज बांधतं तो रोज बदलतो. पण "५००० एमएएचची (मिलिअँपिअर-अवर, बॅटरीत किती विद्युतभार मावतो त्याचं माप) बॅटरी, मीटरवर ४३०० च आले, म्हणजे १४ टक्के गेली" हा हिशेब मात्र चुकीचा आहे. व्होल्टेज सारखं असेल तरच एमएएचची तुलना करता येते. मीटर चार्जरच्या बाजूचं मोजतो, म्हणजे साधारण ५ व्होल्टवर. बॅटरीवर छापलेला आकडा ३.८५ व्होल्टच्या आसपासचा असतो. त्यात फास्ट चार्जिंग ९ व्होल्टवर चालू असेल तर तोच मीटर आणखी कमी एमएएच दाखवणार आणि धडधाकट बॅटरी अर्धमेली वाटणार!

म्हणून मीटरवर वॉट-अवर बघायचे, म्हणजे व्होल्टेजही धरून मोजलेली ऊर्जा. ५००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे १९.२५ वॉट-अवर. फोन शून्यावर आणून, बंद ठेवून पूर्ण चार्ज केला तर आकडा याहून जास्तच यायला हवा, कारण थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. ५ व्होल्टवरचे ४३०० म्हणजे २१.५ वॉट-अवर, अगदी ठणठणीत बॅटरी. जेमतेम १७ आले असते तर ती झिजलीय हे नक्की. आणि हो, बॅटरीवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक किमान आणि एक टिपिकल. जाहिरातीत मोठा मिरवतात, हिशेबाला किमान घ्या.